तळघराच्या भिंतीवरचे चौकोन

मुलांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक काम करा.

खिडकीच्या काचेजवळ जा. नाक काचेला लागेल इतकं जवळ. आता तोंड उघडून हळूच 'हा' करा.

धुकं आलं ना? गोल, पांढुरकं. आणि बघता बघता कडेकडून आत आत विरत गेलं.

आता डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एवढंच मनात आणा. तुम्ही काचेपासून लांब उभे आहात. खोलीत दुसरं कोणी नाही. तुम्ही श्वास रोखून धरलाय...

आणि काचेवर धुकं येतंय.

जातंय.

पुन्हा येतंय.

हे मी पाहिलंय. कोणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या शेजारी एक लहान मुलगी उभी होती, तिनेही पाहिलंय. तिच्या बापानेही पाहिलंय, पण तो त्या विषयावर बोलत नाही. आणि रात्रही नव्हती. शनिवारची दुपार होती, वर धुण्याचं यंत्र घरघरत होतं, बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं.

ती मुलगी माझ्या भाचीची. नाव काहीही असो, घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती चालत कुठेच जात नाही, गिरक्या घेत जाते. पण तेव्हा तिची छाती नाजूक होती. गिरकी घेता घेता मध्येच थांबायची. गुडघ्यांवर हात ठेवून वाकायची. आणि छातीतून बारीक शिट्टी ऐकू यायची. मग औषधाचा पंप, मग पाठ चोळणं, मग रात्रभर उशांच्या ढिगाला टेकून झोपणं.

भाड्याच्या घरात कपाटामागे काळी बुरशी होती. पुसली की आठवड्यात परत. डॉक्टर म्हणाले, "आधी घर बदला, मग मी औषध बदलतो."

म्हणून घर शोधणं सुरू झालं. बाकी सगळं मागे. मोठं नको, रस्त्यावर नको, पण कोरडं हवं. भिंगरीला श्वास घेता येईल असं हवं.

शेवटी एक मिळालं. गल्लीच्या टोकाचं, स्वयंपाकघरातून आलेलं ऊन थेट पुढच्या दारापर्यंत पोचायचं. भाची ओट्यापाशी उभी राहिली आणि तिथून हलेचना.

"हिने इथेच भांडी घासायला सुरुवात केली नाही म्हणजे मिळवली," जावई म्हणाला.

हा जावई चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर गिऱ्हाइकांच्या काचांवर 'हा' करायचं आणि मऊ फडक्याने पुसायचं. भिंगरी लहानपणी दुकानात बसून त्याची नक्कल करायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घर एका आजींचं होतं. जन्मभर शिवणकाम केलेलं, गळ्यात मापाची फीत तशीच लटकत होती. एकट्याच राहायच्या. बसायच्या खोलीत भिंतीवर एका फोटोची जागा दिसत होती. फोटो काढून नेलेला, मागे फिकट चौकट राहिलेली.

"तळघर आहे ना?" भाचीने विचारलं.

"आहे की. तिथेच तर मी शिवत होते," आजी म्हणाल्या. "उतरताना डोकं सांभाळा. आमच्या पाहुण्यांची ओळख आधी त्या तुळईशी होते."

ठक्क.

"झाली ओळख," जावई कपाळ चोळत म्हणाला.

तळघरात शिवणाचं टेबल होतं, झाकून ठेवलेलं मशीन होतं. आणि वास होता. वर्षानुवर्षं बंद असलेली ट्रंक उघडल्यावर येतो ना, तसा. पण हलका. भिंतीला खालच्या बाजूला थोडा पांढरा खार आला होता. वर, अगदी छताला लागून, एक आडवी बुटकी खिडकी होती. बाहेरच्या जमिनीच्या पातळीवर उघडणारी. तिच्या फटीत दोऱ्याचं एक लाकडी रीळ अडकवलेलं होतं, तावदान मिटू नये म्हणून.

भाचीचा चेहरा पडला. "ओल आहे गं मावशी."

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. मला राहवलं नाही. म्हटलं, "ओल आहे हे नाकालाही कळतं. ती कुठून येतेय ते बघू."

आजींची परवानगी घेतली आणि भिंगरीला मदतीला घेतलं. प्लास्टिकचे वहीएवढे चौकोन कापले. भिंतींवर ठिकठिकाणी लावले आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद केल्या.

"आता एक दिवस थांबायचं," मी तिला समजावलं. "पाणी प्लास्टिकच्या मागे साचलं, भिंतीच्या बाजूला, तर ओल भिंतीतून येतेय. पुढे साचलं, आपल्या बाजूला, तर ओल खोलीतल्या हवेत आहे."

"म्हणजे भिंत रडतेय की खोली रडतेय, ते कळणार."

"तसंच समज."

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा गळतीचं काम करणारा माणूसही बोलावला होता. सगळे त्याला गळतीवालाच म्हणायचे. त्याने भिंती बोटांनी ठोकून पाहिल्या.

चौकोनांच्या मागे सगळीकडे कोरडं होतं. पुढेही कोरडं होतं.

फक्त एक चौकोन सोडून.

खिडकीच्या बरोबर खालचा. त्याच्या पुढच्या बाजूला, खोलीच्या बाजूला... तळहाताएवढी ओल होती.

आजींनी तो पाहिला. त्यांना नवल वाटलं नाही.

"हो... तिथेच," त्या हळूच म्हणाल्या.

काय तिथेच, असं आमच्यापैकी कोणीही विचारलं नाही.

"सोपं आहे," गळतीवाला म्हणाला. "बाहेरची दमट हवा या खिडकीतून येते, गार भिंतीला लागते, तिचं पाणी होतं. आज एवढंसं दिसतंय, पावसात बघा. खिडकी बुजवून टाका, भिंतींना रंग मारा, ओल ओढायचं यंत्र ठेवा. खडखडीत कोरडं होईल."

शास्त्राप्रमाणे तो चुकत नव्हता. मी मान डोलावली.

वरच्या टेबलावर सह्या करायची वेळ आली तेव्हा आजींनी पेन खाली ठेवलं.

"भिंती पाडा, रंग बदला, मला काही नाही. फक्त तळघरातली ती खिडकी बंद करू नका. थंडी असो, पाऊस असो. वीतभर तरी उघडी राहू दे."

"हो, हो," जावई म्हणाला.

"लगेच हो म्हणू नका. नीट ऐका." त्या गळ्यातली फीत बोटाला गुंडाळत होत्या. "एकदाच बंद केली होती मी ती. रस्त्यावरचा गलका येत होता आणि हातातलं काम संपवायचं होतं... एकदाच."

त्यांनी फीत उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

"शब्द दिला, आजी," जावई म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खुर्ची मागे सारून भिंगरीपुढे वाकल्या.

"तू पण दे बाळ."

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आणि आपला हात त्यांच्या हातात ठेवला. "दिला."

तेव्हा कुठे आजींनी सही केली.

परत येताना गाडीत भाची म्हणाली, "अरे, पण ती खिडकी तर बुजवायचीय ना?"

"घर आपलं होऊ दे आधी. त्या काय रोज कंबरेत वाकून बघायला येणार आहेत?"

"तुझा शब्द म्हणजे दुकानातली सवलत. माल संपेपर्यंतच."

सगळे हसलो. मीही हसले.

मागच्या सीटवर भिंगरी काचेबाहेर बघत होती. ती हसली नाही.

*

पहिला महिना छान गेला. सामान लावणं, पडदे, कुंड्या. खिडकी तशीच उघडी होती, कारण हात मोकळे नव्हते. आणि भिंगरी बरी होती. रात्री आडवी होऊन झोपायची. अंगणात गिरक्या घ्यायची. शिट्टी नाही, पंप नाही.

आजींचा फोन आला होता एकदा. "घर लाभलं ना? खिडकी उघडी आहे ना?"

"आहे आजी," जावई म्हणाला. तेव्हा ते खरं होतं.

मग पावसाळा जवळ आला. भाची घाबरली. या एका मुलीसाठी घर घेतलं आणि तिथेही बुरशी आली तर? तिने नवऱ्याच्या मागे लकडा लावला. एका सुट्टीच्या दिवशी गळतीवाला आला. रीळ काढलं, तावदान मिटलं, आतून विटा लावल्या, प्लास्टर केलं, वर रंगाचे हात दिले. संध्याकाळपर्यंत तिथे खिडकी होती हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

भिंगरी जिन्यावर बसून बघत होती.

"बाबा, आपण तर म्हटलं होतं..."

"तुझ्यासाठीच करतोय ना बेटा?"

एवढं म्हटल्यावर मूल काय बोलणार.

यंत्र आणून ठेवलं. हवेतली ओल ओढायची आणि खालच्या डब्यात पाणी जमवायचं, एवढंच त्याचं काम. डबा भरला की ते आपोआप थांबतं.

पहिल्या दिवशी डबा अर्धा भरला. दुसऱ्या दिवशी पूर्ण. मग सकाळ-संध्याकाळ रिकामा करावा लागायला लागला.

भिंती कोरड्या. फरशी कोरडी. खिडकी बंद. खोलीत एक खुर्चीसुद्धा नाही.

मग एवढं पाणी कुठून?

"नवीन प्लास्टर आहे ताई," गळतीवाला फोनवर म्हणाला. "ओल सोडत असतं. थोडा धीर धरा."

त्याच आठवड्यात भिंगरीची शिट्टी परत आली.

एका संध्याकाळी भाची तळघराच्या दाराशी बसून कपड्यांच्या घड्या करत होती. खाली यंत्र घोंघावत होतं. डबा भरला असावा. घोंघावणं थांबलं.

शांत झालं.

आणि त्या शांततेत... खालून शिट्टी ऐकू आली.

बारीक. श्वास आत जाताना एक, बाहेर येताना एक.

"भिंगरी, वर ये बघू," भाची ओरडली. "तिथे खेळायचं नाही सांगितलंय ना?"

शिट्टी थांबली नाही.

"ऐकू येत नाही का? वर ये."

"आई..."

आवाज मागून आला. भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात अर्धा खाल्लेला पाव.

"आई, मी इथेच आहे."

रात्री भाचीने मला फोन केला. "मावशी, तू ये. तुझे ते चौकोन घेऊन ये. तूच काय ते कारण शोधून दे." ती रडत नव्हती. पण मधून मधून नुसतीच थांबत होती.

*

शनिवारी मी गेले. जेवणं झाली, भाचीने कपडे धुवायला लावले, जावई मागच्या खोलीत भिंत घासत बसला. मी आणि भिंगरी चौकोन आणि चिकटपट्टी घेऊन खाली उतरलो.

खिडकी जिथे होती त्या भिंतीवर आम्ही चौकोन लावले. खालपासून वरपर्यंत, एकावर एक, शिडीसारखे.

"यंत्र बंद करूया," मी म्हटलं. "नाहीतर प्रयोगात घोटाळा होतो."

यंत्र बंद केलं. वर दिवा होता, त्याचा उजेड प्लास्टिकवर चकाकत होता. आम्ही मागच्या भिंतीला टेकून बसलो. मी तिला पाढे विचारत होते, ती मुद्दाम चुकीचे सांगून मला चिडवत होती.

मधेच तिने भिंतीकडे बोट केलं.

"मावशीआजी, तो बघ."

वरून तिसरा चौकोन. त्याच्यावर... एक गोल डाग होता. पांढुरका.

मी चष्मा सारखा केला.

डाग कडेकडून आत आत विरला. प्लास्टिक पुन्हा स्वच्छ झालं.

आणि पुन्हा आला.

मला आधी वाटलं, आपल्याच श्वासाची वाफ. पण आम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतो. तरीही मी म्हटलं, "भिंगरी, श्वास रोख. मी पण रोखते."

दोघींनी तोंडावर हात धरले. वर कपड्यांचं यंत्र फिरत होतं. बाकी काही नाही.

धुकं आलं.

गेलं.

आलं... यावेळी लहान. गेलं.

आलं... आणखी लहान.

मी उठले. जवळ जाऊन चौकोनाच्या कडा चाचपल्या. घट्ट होत्या. मागे काही नव्हतं, भिंत कोरडी होती. धुकं पुढच्या बाजूला होतं. खोलीच्या बाजूला. आमच्या बाजूला.

मुलांनो, याचा अर्थ तुमच्या लक्षात आला का? माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

जे कोणी होतं, ते भिंतीत नव्हतं. खोलीत होतं. भिंतीकडे तोंड करून, खिडकी होती तिथे उभं होतं.

भिंगरी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तो चौकोन बरोबर तिच्या तोंडाच्या उंचीवर होता.

"ह्यालाही दम लागतोय," ती म्हणाली.

मग धुकं त्याच्या वरच्या चौकोनावर आलं.

"बघ. टाचा उंच केल्या," भिंगरी म्हणाली.

मी जावयाला हाक मारली. तो खाली आला, हात धुळीने भरलेले. "काय मावशी, भूत सापडलं? भाडं मागा त्याच्याकडे."

मग त्याने भिंतीकडे पाहिलं.

धुकं येत होतं, जात होतं. तो बघत राहिला. ज्या माणसाने आयुष्यभर काचांवर 'हा' केलंय, त्याला श्वासाची वाफ कशी उठते आणि कशी विरते, हे सांगावं लागत नाही. त्याने ओळखलं. मी त्याच्या चेहऱ्यावर ते बघितलं, त्याने त्या क्षणीच ओळखलं.

"हवेचा झोत येत असेल कुठूनतरी," तो म्हणाला.

"बाबा, तुझ्या दुकानात असंच होतं," भिंगरी म्हणाली. "तू 'हा' केलास की."

"झोत आहे म्हटलं ना."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. हात भरलेले म्हणून त्याने भिंगरीला खूण केली. तिने फोन काढला, आवाज मोठा केला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

"मी बोलतेय," आजींचा आवाज आला. "त्रास देते हो. आज सकाळपासून जिवाला चैन नाही. तेवढं विचारायचं होतं... खिडकी उघडी आहे ना?"



भिंतीवर धुकं आलं. गेलं.

जावयाने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. भिंगरीकडे त्याने पाहिलं नाही, ती मात्र मान वर करून त्याच्याकडेच बघत होती.

"आहे ना आजी," तो म्हणाला. "उघडीच आहे. दिला होता ना शब्द."

"बरं," आजी म्हणाल्या. "मग बरं. मला आपलं वाटलं... असो. सुखी राहा."

फोन बंद झाला.

आम्ही भिंतीकडे पाहिलं.

धुकं नव्हतं.

थांबलो. वर कपड्यांच्या यंत्राने शेवटचे फेरे घेतले आणि तेही थांबलं. भिंगरीच्या छातीत शिट्टी वाजत होती, तेवढीच काय ती ऐकू येत होती. तीही हळूहळू कमी होत गेली... आणि बंद झाली.

चौकोन स्वच्छ. कोरडे. वरपासून खालपर्यंत सगळे.

"बघा," जावई म्हणाला. "गेलं. म्हटलं नव्हतं झोत असेल?"

त्या रात्री यंत्र पुन्हा लावलं, पण डब्यात एक थेंब जमला नाही. तळघरातला ट्रंकेसारखा वास गेला. भिंगरी आडवी होऊन, शांत झोपली.

जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

दुपारी काय घडलं ते मी भाचीला सांगितलं होतं. ती माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मावशी, भिंगरीला रात्री दम लागलेला असतो तेव्हा मी आवाज ऐकत पडून राहते. आवाज येतोय तोवर मला धीर असतो." मग तिने पदराचं टोक तोंडावर धरलं. "तो थांबला की मी उठून धावते. आज कोणीच धावलं नाही गं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

*

सकाळी छिन्नीच्या आवाजाने जाग आली.

जावई तळघरात स्टुलावर उभा होता. रात्रीचेच कपडे, केसांत चुना. रंग उडाला, प्लास्टर उडालं, विटा एकेक करून खाली आल्या. एकदा हातोडी बोटावर बसली, तरी थांबला नाही. मी, भाची, भिंगरी, तिघी जिन्यावर उभ्या राहून बघत होतो.

शेवटची वीट निघाली. त्याने तावदान ढकललं. गवताचा वास आत आला. कोणाचीतरी सायकल गेली, तिची घंटी ऐकू आली.

त्याने खिशातून ते लाकडी रीळ काढलं. फेकलं नव्हतं त्याने. फटीत अडकवलं. मग खाली उतरला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

आम्हीही बघत राहिलो.

चौकोन कोरडे होते.

"येईल," तो म्हणाला. "हवा लागायला वेळ लागतो."

बराच वेळ गेला. ऊन त्या फटीतून आत आलं, भिंतीवरून सरकलं, फरशीवर पडलं. चौकोनांवर काही उमटलं नाही.

मग त्याने फोन काढला आणि स्वतःच आवाज मोठा केला. भिंगरीला ऐकू जावं म्हणूनच केला असावा.

"आजी, मी काल खोटं बोललो. खिडकी बंद केली होती. विटा लावून. आता उघडली. आत्ताच उघडलीय, पूर्ण."



"आता?" आजी म्हणाल्या.

"हो आजी. आता उघडीच राहील. कायमची."

"आता कशाला..." त्या म्हणाल्या. रागाने नाही. हातातलं काम संपल्यावर माणूस बोलतं तसं.

आणि फोन ठेवला.

जावई खालच्या पायरीवर बसला. धुळीने भरलेले हात गुडघ्यांवर ठेवून तसाच.

यानंतर सांगण्यासारखं थोडंच आहे. आजींनी पुन्हा फोन केला नाही, आम्ही केला तो कोणी उचलला नाही. त्यांनी ती खिडकी एकदाच बंद केली, तेव्हा तळघरात त्यांच्याबरोबर कोण होतं, हे आम्हाला माहीत नाही. फोटोच्या त्या फिकट चौकटीत कोण होतं, तेही नाही. खिडकी आजही उघडी आहे. पाऊस आत येतो, भाची पुसते. तरी तळघरात ओल धरत नाही. गळतीवाला येऊन बघून गेला. त्याने डोकं खाजवलं आणि आपल्या कामाचं कौतुक केलं.

भिंगरीची छाती तेव्हापासून साफ आहे. एकदाही शिट्टी नाही. डॉक्टर म्हणतात, घर लाभलं.

मी खूश व्हायला हवं. पण ती अंगणात गिरक्या घेते, धापा न टाकता, आणि मी मोजत बसते. हा श्वास तिचा. हाही तिचा. मग मला वाटतं, एवढा मोकळा श्वास तिला कुठून मिळाला? आणि मी उठून घरात जाते.

पण त्या रविवारी भिंगरीने काय केलं, ते सांगायचं राहिलं.

आम्ही सगळे तसेच बसलो होतो. जावई पायरीवर, भाची त्याच्या मागे, मी भिंतीला टेकून. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

भिंगरी उठली. चालत गेली, गिरकी न घेता. विटांच्या तुकड्यांमधून वाट काढत खिडकीखाली पोचली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

टाचा उंच केल्या.

तोंड प्लास्टिकजवळ नेलं आणि लांब, सावकाश 'हा' केलं. बापासारखं.

धुकं उमटलं. मोठं, गोल.

मग ती बाजूला सरकली. नळावर पाणी पिऊन झाल्यावर आपल्या मागच्या मुलाला जागा करून देतात, तशी... आणि तिथेच थांबली.